केनियाच्या राज्यघटनेत माध्यमांसाठी वेगळे कलम आहे. त्याचा प्रत्यक्षात उपयोग होतो का?

विधी-विद्यार्थिनी, कोथरूड
शोधनिबंधासाठी मी केनियाची २०१० ची राज्यघटना वाचत आहे. कलम ३३ अभिव्यक्तिस्वातंत्र्य देते आणि पाठोपाठ कलम ३४ प्रसारमाध्यमांचे स्वातंत्र्य वेगळे नोंदवते. आपल्याकडे वृत्तपत्रांना नागरिकांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कलम १९(१)(क) मधूनच संरक्षण मिळते. वेगळ्या कलमामुळे केनियातील माध्यमांच्या पदरात अधिक काही पडले का?

निवृत्त वकील, सदाशिव पेठ
संपादक लिहितो तो नागरिक म्हणूनच, त्यामुळे वृत्तपत्रांचा वेगळा उल्लेख करण्याची गरज नाही, अशी भूमिका डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत मांडली होती. ती पुढे टिकली, याचा दाखला आपल्या पुण्यातच आहे: पृष्ठसंख्या आणि किंमत यांची सांगड घालणाऱ्या १९५६ च्या कायद्याला ‘सकाळ’ने आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. तेव्हा वेगळे कलम नाही म्हणून आपले काही अडले, असे मला वाटत नाही.

माध्यम-अभ्यासक, एरंडवणे
वकीलसाहेबांचा मुद्दा छापील वृत्तपत्रापुरता पटतो, पण दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण सरकारला एका आदेशाने थांबवता येते, आणि कलम ३४ चा खरा रोख तिकडे आहे. प्रक्षेपणाच्या परवान्यांची व्यवस्था सरकार, राजकीय हितसंबंध आणि व्यापारी हितसंबंध या तिघांच्याही नियंत्रणापासून मुक्त असावी, असे ते स्पष्ट बजावते. तरीही ३० जानेवारी २०१८ रोजी विरोधी पक्षनेते रायला ओडिंगा यांनी नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये स्वतःच ‘जनतेचे अध्यक्ष’ म्हणून शपथ घेतली, तेव्हा सिटिझन, एनटीव्ही आणि केटीएन या वाहिन्या बंद पाडण्यात आल्या, आणि उच्च न्यायालयाने बंदीला स्थगिती दिल्यानंतरही त्या काही दिवस बंदच राहिल्या. २५ जून २०२५ रोजी निदर्शनांचे थेट प्रक्षेपण थांबवण्याचा आदेश निघाला. त्याला मात्र न्यायालयाने त्याच दिवशी स्थगिती दिली आणि वाहिन्या रात्रीच पूर्ववत झाल्या. गंमत अशी की, तो आदेश काढणाऱ्या नियामक संस्थेने आधार घेतला तो घटनेचाच! कलम ३३(२) हिंसेची चिथावणी आणि द्वेषमूलक भाषण यांना संरक्षण नाकारते, तेवढ्यावर तिने बोट ठेवले.

विधी-विद्यार्थिनी, कोथरूड
म्हणजे कलम ३४ मुळे बंदी टळत नाही, पण दाद मागायला भक्कम आधार मिळतो. मग फौजदारी बदनामीच्या बाबतीतही हेच कलम कामी आले का?

निवृत्त वकील, सदाशिव पेठ
नाही, तिथे भर कलम ३३ वर होता. केनियाच्या उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये दंडसंहितेतील बदनामीचा गुन्हाच रद्दबातल केला; आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याआधी वर्षभराच्या आतच, २०१६ मध्ये, तसाच गुन्हा वैध ठरवला होता. हा फरक कलम ३४ मधून आलेला नाही. केनियाचे कलम २४ निर्बंध लादणाऱ्याला विचारते की, तोच हेतू कमी जाचक उपायाने साधता आला असता का, आणि तुरुंगवासाच्या बाबतीत तिथल्या न्यायालयाला याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. तुम्ही दोन्ही निकालपत्रे शेजारी ठेवून वाचा, मात्र सुरुवात कलम २४ पासून करा.