सोनकीच्या आयटीएसमध्ये दुहेरी शिखरं: 'एन' टाकू का?

पठारवेडा, नाशिक
अंजनेरीवर सोनकीत (सेनेसिओ बॉम्बेएन्सिस) पानांची ठेवण वेगळी असलेली काही रोपं आहेत. आयटीएसच्या (पेशीकेंद्रातल्या डीएनएचा एक तुकडा, याच्या पेशीत अनेक प्रती असतात) वंशवृक्षात ती वेगळ्या फांदीवर जातात, क्लोरोप्लास्टच्या (हरितलवकाच्या) डीएनएतल्या टीआरएनएल-एफ या तुकड्यात मात्र साध्या सोनकीत मिसळतात. आयटीएसचा क्रम वाचताना येणाऱ्या आलेखात दुहेरी शिखरं दिसतात, म्हणजे एकाच जागी दोन बेस (डीएनएची अक्षरं). तिथे 'एन' (बेस कोणता ते माहीत नाही) टाकून आयटीएस आणि क्लोरोप्लास्टची माहिती जोडून एकच वृक्ष काढला तर चालेल?

रानजाई
'एन' अजिबात नको, उत्तर त्या शिखरांतच आहे. सुलट आणि उलट, दोन्ही बाजूंच्या वाचनात नेमक्या त्याच जागी सी आणि टी सारख्याच उंचीचे असतील तर 'वाय' (सी किंवा टी) लिहा. त्या दोन खऱ्या प्रती आहेत. एका जागेपासून पुढे सगळं गिचमिड होत असेल आणि उलटं वाचनही तिथेच येऊन बिघडत असेल, तर एका प्रतीत एखादा बेस जास्त आहे. सुरुवातीपासून तळाशी बारीक शिखरांची रांग असेल तर भेसळ समजा. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती काढताना, वापरलेले प्राइमर (सुरुवातीचे छोटे तुकडे) आयटीएस१-आयटीएस४ आहेत का? ते मुळात बुरशीसाठी बनवलेले, आणि पावसाळी पानात बुरशी असतेच. आधी ब्लास्ट करा, म्हणजे क्रम डेटाबेसशी ताडून पाहा.

सिलिका
पानातून काढलेल्या डीएनएचा गोळा तपकिरी आला होता का? सोनकीचं कोवळं पान त्याच दिवशी सुकवायला सिलिका जेलमध्ये टाकायचं. २० मिलिग्रॅम सुक्या पानाला ७०० मायक्रोलिटर सीटॅब (डीएनए काढायचं द्रावण), त्यात २ टक्के पीव्हीपी (फेनॉल धरून ठेवणारं), मर्कॅप्टोइथेनॉल (तपकिरी होणं रोखणारं) ऐन वेळी. ६५ अंशांवर ४५ मिनिटं, मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल (२४:१) दोनदा. तरी पीसीआर लागला नाही तर डीएनए दहापट पातळ करा. अडथळा बहुधा पानातल्या फेनॉलांचा असतो.

रानजाई
आता जोडण्याचं. क्लोरोप्लास्ट सोनकीच्या सूर्यफूल कुळात बहुधा आईकडून येतो, आयटीएस दोघांकडून. दोन वृक्ष भांडत असताना माहिती जोडली की तिसराच, खोटा वृक्ष मिळतो. आधी बूटस्ट्रॅप (फांदी किती भक्कम, याचा शंभरपैकी आकडा) पाहा. ७०च्या खाली असेल तर ते भांडणच नव्हे. १९८७ साली क्लोरोप्लास्टमधला २२,००० बेसांचा उलटा फिरलेला तुकडा बार्नाडेशिया गटात नाही, एवढ्यावरून तो गट कुळाच्या वंशवृक्षाच्या बुडाशी गेला. जवळच्या जातींत इतका स्वच्छ पुरावा मिळत नाही.

पठारवेडा
उलटं वाचन त्याच जागी बिघडतंय. बूटस्ट्रॅप दोन्हीकडे ९०च्या वर.

रानजाई
मग भांडण खरं, आणि ही रोपं संकर असू शकतात. क्लोनिंग करा, म्हणजे आयटीएसची एकेक प्रत वेगळी करून वाचा. तीन रोपं, प्रत्येकाचे ८-१० क्लोन. काही क्लोन सोनकीत आणि काही दुसऱ्या जातीत बसले तर संकराची बाजू भक्कम. सगळे एकाच फांदीवर आले तरी संकर बाद होत नाही, कारण आयटीएसच्या प्रती पिढ्यान्‌पिढ्या एकसारख्या होत जातात. आणि पान ज्या रोपाचं, त्याच रोपाचा फुलाफळांसकट दाबलेला नमुना हवा. वनखात्याची परवानगी आधी.