कादिझ: सेवियाहून एका दिवसात उरकावं की मुक्काम करावा?

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात आईबाबांना घेऊन स्पेनला निघालोय. माद्रिद, ग्रानादा, सेविया पक्कं आहे. सेवियाहून सकाळी कादिझला जाऊन रात्री परतावं असा विचार आहे. पण आमचा ट्रॅव्हल एजंट म्हणतो, तिथे बघण्यासारखं फारसं काही नाही, तो दिवस मलागाला द्या. बाबा ७३ वर्षांचे. गुडघे दुखतात, पण इतिहासाचं वेड आहे. आई पूर्ण शाकाहारी, तिला समुद्र हवा. जाणकारांनी सांगावं.

रानजाई:
आम्ही गेलो होतो. सेवियाहून थेट रेल्वे आहे, साधारण पावणेदोन तास. स्टेशनातून बाहेर पडलं की जुनं गाव सुरूच होतं, टॅक्सी लागत नाही. गाव सपाट आहे, ग्रानादासारखे चढ नाहीत. बाबांना तेवढंच बरं.

हर्णैकर:
"बघण्यासारखं काही नाही" हे वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी मूळचा हर्णैचा, उभी हयात मर्चंट नेव्हीत गेली. आता वर्षातले काही महिने मुलीकडे हेरेझला असतो. तिथून कादिझ रेल्वेने पाऊण तासावर, त्यामुळे सारखं जाणं होतं.

मुक्काम कराच. आणि कादिझकडे बंदर म्हणून बघा. राजवाडे, मोठे महाल शोधत फिरलात तर हाती फार काही लागणार नाही. तिथली घरं, गल्ल्या, भिंतीचे दगड, सगळं जहाजांच्या येण्याजाण्यातून घडलंय.

बाबांना आधी एवढं सांगून ठेवा. अमेरिकेशी होणारा स्पेनचा सगळा व्यापार पूर्वी सेवियातून चाले. सेविया नदीवर, समुद्रापासून बरीच आत. जहाजं मोठी होत गेली, त्यांना जास्त खोल पाणी लागू लागलं आणि नदीच्या मुखाशी सानलुकारला असलेला वाळूचा दांडा ओलांडणं जिवावरचं काम झालं. अखेर १७१७ साली या व्यापाराची सरकारी कचेरी कादिझला हलवली. त्यानंतरच्या साठ-सत्तर वर्षांत जो पैसा आला त्यातून आज दिसणारं गाव उभं राहिलं.

व्यापाऱ्यांच्या घरांची रचना बघा. तळमजल्यावर चौक आणि मालाची कोठारं, त्यावर बुटक्या मजल्यात हिशेबाची कचेरी, त्याच्यावर कुटुंब, सर्वांत वर नोकरचाकर. आणि गच्चीवर मनोरा. आपलं जहाज दिसतंय का हे पाहायला घरोघरी मनोरे बांधले होते. शंभराहून जास्त अजून उभे आहेत. वर्षभर वाट पाहिलेलं गलबत क्षितिजावर ओळखू येणं म्हणजे काय, हे किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मला त्या मनोऱ्यांखालून चालताना दर वेळी भरून येतं.

म्हणून पहिल्यांदा तोर्रे ताविरा गाठा. १७७८ साली हा गावाचा अधिकृत टेहळणी मनोरा ठरला आणि अंतोनियो ताविरा या पहिल्या टेहळ्याचं नाव त्याला मिळालं. वर अंधाऱ्या खोलीत कॅमेरा ऑब्स्क्युरा आहे. भिंग आणि आरशातून गावाचं हलतं चित्र पांढऱ्या तबकावर उतरतं, वाळत घातलेले कपडे फडफडताना दिसतात. वेळ आधी आरक्षित करा. लिफ्ट नाही, पण मधल्या मजल्यांवर प्रदर्शनाची दालनं आहेत, तिथे टेकत टेकत जाता येतं. गच्चीवर पोचलात की "ला बेया एस्कोंदिदा" शोधा. गावातला हा एकच अष्टकोनी मनोरा, आणि तो खालच्या रस्त्यावरून दिसतच नाही.

फिरताना कोपऱ्यांकडे लक्ष द्या. घरांच्या कोनांवर जुन्या तोफा उभ्या पुरलेल्या आहेत, गाड्यांची चाकं भिंतीला घासू नयेत म्हणून. तटबंदीचा आणि जुन्या इमारतींचा दगड जवळून बघा, त्यात शिंपल्यांचे तुकडे गच्च भरलेले आहेत. तो तिथल्याच किनाऱ्यावरचा.

आता जुना इतिहास. फिनिशियन लोकांनी, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या प्राचीन दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी, हे ठाणं वसवलं, ते त्यांचं गादिर. परंपरेनं इ. स. पू. ११०४ हे साल सांगतात; उत्खननात सापडलेलं त्याच्या दोन-तीन शतकं नंतरचं आहे. तरीही पश्चिम युरोपात इतकी वर्षं सलग नांदतं गाव शोधून सापडायचं नाही. एका कळसूत्री बाहुल्यांच्या नाट्यगृहाखाली त्या काळातल्या गल्ल्या आणि घरं जपून ठेवली आहेत, तीही पाहता येतात.

प्लासा दे मिना चौकातल्या संग्रहालयात माणसाच्या आकाराच्या दोन संगमरवरी फिनिशियन शवपेट्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. पुरुषाची १८८७ साली सापडली. पेलायो किंतेरो या संशोधकाने जोडीची दुसरी पेटी असणारच म्हणून जन्मभर शोध घेतला. ती मिळाली १९८० साली, त्याच्या मृत्यूनंतर, आणि ती निघाली तो राहत होता त्याच घराच्या जागेत. बाबांना तिथे निवांत बसू द्या. संग्रहालय सोमवारी बंद असतं.

अजून एक, आपल्या जिव्हाळ्याचं. युडॉक्सस नावाचा ग्रीक दर्यावर्दी इ. स. पू. दुसऱ्या शतकात इजिप्तहून मोसमी वाऱ्यावर हिंदुस्थानात येऊन गेला होता. इजिप्तच्या राजांनी त्याचा माल जप्त केला, तेव्हा आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थान गाठायचा असं ठरवून तो निघाला तो याच बंदरातून. स्ट्रॅबो या प्राचीन ग्रीक भूगोलकाराने ही हकीकत लिहून ठेवली आहे. वास्को द गामाच्या सोळाशे वर्षं आधी!

पाऊलवाट:
हर्णैकर, मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं, ते आता सेवियातला एक दिवस कमी करायला सांगताहेत. आईच्या जेवणाचं कसं होईल? आणि समुद्रावर जायचं तर कुठे?

मोहरीचं_फूल:
ताई-दादा जे असाल ते, जेवणाचं मी सांगते. पापास आलिन्यादास म्हणजे बटाटा, कांदा, पार्सली, व्हिनेगर आणि ऑलिव्हचं तेल. वर टुना घालतात, "सिन आतुन" म्हणून आधीच सांगा. साल्मोरेखो म्हणजे टोमॅटोचं दाट थंड सूप, त्यावर हॅम आणि अंडं असतं, तेही नको म्हणायचं. पालक-छोले मिळतात, पण शिजवताना मांसाचं पाणी घातलंय का विचारा. पायोयो हे तिथलं बकरीच्या दुधाचं चीज छान असतं, आई चीज खात असतील तर नक्की घ्या. तुम्ही मासे खाता का? मग तोर्तियितास दे कामारोनेस चुकवू नका. डाळीच्या पिठातली चक्क जवळ्याची भजी, फक्त पातळ आणि कुरकुरीत.

कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर पायऱ्यांऐवजी रॅम्पसारखी उताराची वाट आहे. बाबांच्या गुडघ्यांना तोर्रे ताविरापेक्षा ती सोपी जाईल.

हर्णैकर:
ती वाट चांगली सुचवलीत. तरी ताविरा टाळू नका, हळूहळू चढा.

समुद्रासाठी ला कालेता. दोन किल्ल्यांच्या मधली छोटी पुळण, पश्चिमेकडे तोंड. हा अटलांटिक आहे, भूमध्य नव्हे, त्यामुळे भरती-ओहोटी चांगली जाणवते आणि पाणी गार असतं. ओहोटीला खडक उघडे पडतात, होड्या वाळूवर टेकतात. भरतीचं वेळापत्रक बघूनच संध्याकाळ ठरवा.

वाऱ्याचीही चौकशी करा. पोनिएंते पश्चिमेचा, दमट आणि गार. लेवांते पूर्वेचा, कोरडा. तो जोर धरतो तेव्हा पुळणीवर वाळू अंगाला टोचते आणि वयस्कर माणसांना बसवत नाही. असा दिवस निघाला तर संग्रहालय आणि मासळीबाजार आधी उरका. बाजार सकाळी लवकर, दुपारी सगळं आवरतं. तिकडचं जेवणही दोननंतरच सुरू होतं, आईंना त्याआधी काही खायला घाला.

राहायला जुन्या गावातच घ्या, वेशीच्या आत. नव्या भागात हॉटेलं मोठी आहेत, पण मग रोज बस धरावी लागेल.