मदत हवी आहे: ऐकू येत नाही, बाइकच्या आरशांतून मागचं जास्तीत जास्त कसं दिसेल?

नीराकाठ:

नमस्कार मंडळी,

मला दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येतं. एरवी श्रवणयंत्रं लावतो, पण हेल्मेट घातलं की आतलं पॅडिंग यंत्रावर दाबलं जातं आणि यंत्र सतत शिट्टी मारतं. म्हणून गाडी चालवताना ती काढून ठेवावी लागतात. म्हणजे रस्त्यावर माझ्यापुरता हॉर्न हा प्रकारच नाही. आपल्याकडे मागचा माणूस हॉर्न देतो आणि पुढच्याला कळलं असं धरून बाजूने घुसतो. मला ते कळलेलं नसतं. मागे काय चाललंय हे समजायला माझ्याकडे फक्त दोन आरसे आहेत, आणि ते कमी पडताहेत.

राहायला धायरीत, नोकरी शिरवळ एमआयडीसीत. बाइक दीडशे सीसीची, सिंगल सिलिंडर, आरसे कंपनीचेच. कंपनीचं नाव घेत नाही, कारण अशी तक्रार बऱ्याच गाड्यांबद्दल ऐकली आहे. जाताना फारसं काही वाटत नाही. येताना खेड शिवापूरचा टोलनाका, कात्रजचा नवा बोगदा आणि तिथून नवले पुलापर्यंतचा उतार. पुणेकरांना त्या उताराबद्दल वेगळं सांगायला नको. भरलेले ट्रक, ट्रेलर तिथे वेग धरतात आणि त्यांना थांबायला जागा लागते. त्यांना वाट देणं माझं काम आहे, पण त्यासाठी ते आधी दिसायला हवेत.

पहिली आणि सगळ्यात मोठी अडचण थरथरीची. साठच्या पुढे गेलं की काच नाचायला लागते. मागे काहीतरी आहे एवढंच कळतं. ट्रक की कार, जवळ की लांब, माझ्याच लेनमध्ये की शेजारच्या, काही कळत नाही. रात्री तर दोन हेडलाइटची मिळून एकच लांबट रेघ दिसते.

हे मला एवढं का टोचतं ते सांगतो. मी ताशी ६० ने जातोय आणि मागची कार ९० ने येतेय असं धरा. फरक ३० चा, म्हणजे सेकंदाला साधारण ८ मीटर. ५० मीटर मागे असलेली कार सहा सेकंदांत माझ्या शेजारी येते. ऐकू येणाऱ्या माणसाला त्या सहा सेकंदांत हॉर्न, इंजिनाची घरघर, टायरचा आवाज, काहीतरी मिळतं. मला एक नजर मिळते. त्या नजरेत दिसलेलं चित्र स्वच्छच हवं.

दुसरी अडचण, पावसाळी जॅकेट घातलं की आतली जवळपास अर्धी काच माझ्याच दंडाने भरते. तिसरी, डावी बाजू. नियमाने ओव्हरटेक उजवीकडून व्हायला हवा, पण सर्व्हिस रोडवर आणि पुलाखाली स्कूटर, रिक्षा डावीकडूनच येतात, आणि नेमक्या तिथेच मला काही दिसत नाही.

मान वळवून बघतो का, असं कुणी विचारेल. बघतो, लेन बदलण्याआधी प्रत्येक वेळी. पण उतारावर दाट गर्दीत मान वळवलेली असताना पुढच्याने ब्रेक मारला तर? त्यामुळे मान वळवण्याआधीच आरशातून बरंचसं कळावं अशी इच्छा आहे.

तीन गोष्टींचा विचार चालू आहे: दांडी लांब करणारे एक्स्टेंडर, हँडलच्या टोकाला बसणारे बार-एंड आरसे, किंवा मूळ आरशावर चिकटवायचे छोटे गोल बहिर्गोल आरसे. हे छोटे आरसे दुकानात हातात घेऊन बघितले. त्यांत दिसतं भरपूर, पण सगळं मुंगीएवढं, आणि थरथरणाऱ्या काचेवर मुंगी काय दिसणार? ज्यांनी यातलं काही वापरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

टूलकिट:

दादा, आरसे विकत घ्यायच्या आधी थरथर कुठून येते ते शोधा. चौदाचा पाना घेऊन आरशाचा चेकनट, म्हणजे दांडी जागच्या जागी धरून ठेवणारं नट, बघा. मग काच हलकेच दाबून मागचा बॉल जॉइंट सैल झालाय का बघा. मग हँडलचे क्लॅम्प बोल्ट, आणि शेवटी इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट. जुन्या गाडीत यातलं एखादं सैल सापडतंच.

सगळं घट्ट असूनही काच नाचत असेल तर कारण समजून घ्या. दांडी आणि काच मिळून एका ठरावीक गतीने थरथरायला बघतात. ५००० आरपीएमला इंजिन सेकंदाला ८३ फेरे मारतं. ही गती दांडीच्या गतीशी जुळली की आरसा निरुपयोगी. त्यामुळे एक्स्टेंडरने तुमचा दंड काचेतून जाईल, पण दांडी लांबल्यामुळे थरथर वाढायचीच शक्यता जास्त. घ्यायचाच तर बाहेर सरकवणारा आणि आखूड घ्या, उंच करणारा नको. त्यापेक्षा हँडलच्या टोकांची वजनं जड लावून बघा. स्वस्त काम आहे, आणि हातांच्या मुंग्यासुद्धा कमी होतात.

तोपर्यंत एक करा. आरसा बघायच्या क्षणी ॲक्सिलरेटर किंचित सोडा. इंजिनावरचा ताण उतरला की बहुतेक गाड्यांत काच क्षणभर स्थिर होते. उतारावर तर ते सहज जमेल.

घाटमाथा:

मी बार-एंड वापरतो. कोपराच्या बाहेर असल्यामुळे दंड अजिबात मध्ये येत नाही, हा फायदा खरा आहे. तोटे दोन. गाडी रुंद होते, सिग्नलला दोन गाड्यांमधून जाताना दुसऱ्यांचे आरसे खटखट लागतात. आणि नजर खाली न्यावी लागते. मूळ आरसा डोळ्यांच्या रेषेच्या जवळ असतो, बार-एंड हाताच्या पातळीवर. तुम्हाला दर काही सेकंदांनी बघायचंय, तर दोन्ही मूळ आरसे काढून फक्त बार-एंड ठेवा असं मी सुचवणार नाही.

आणि बार-एंडही बहुधा बहिर्गोलच मिळतात. त्यात गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते. अंतराचा अंदाज मूळ आरशावरून घ्या, बार-एंडवरून फक्त कुणी आहे की नाही एवढंच बघा.

स्कूटरवाली:

तुमची तिसरी अडचण मोजता येते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी सरळ दोन्ही चाकांवर धरून बसा, साइड स्टँडवर नको, कारण झुकलेल्या गाडीवर लावलेले आरसे चालवताना चुकीचे ठरतात. रोजचं हेल्मेट आणि जॅकेट घाला. घरातल्या कुणाला तरी मागून तुमच्या डाव्या बाजूने हळूहळू चालत यायला सांगा. ते आरशातून दिसेनासे होतात तिथे खडूने खूण करा. मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यात पुन्हा दिसायला लागतात तिथे दुसरी. मधला पट्टा म्हणजे तुमचा आंधळा कोपरा. आता आरसा थोडा थोडा बाहेर वळवत तो पट्टा किती लहान होतो ते बघा. बऱ्याच जणांचे आरसे इतके आत वळलेले असतात की त्यात स्वतःचा खांदाच दिसतो.

एक विचारू का? लायसन्सला अडचण आली नाही का? माझ्या भाच्याला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी विचारतेय.

नीराकाठ:

ताई, भाच्याला नक्की अर्ज करायला सांगा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्येच म्हटलंय की चाचणी उत्तीर्ण होणाऱ्या कर्णबधिर व्यक्तीला परवाना नाकारता येणार नाही. कुणी काउंटरवरूनच परत पाठवलं तर लेखी कारण मागायला सांगा. शिकताना त्याला आरशांची सवय पहिल्या दिवसापासून लावा, ब्रेक-क्लचच्या बरोबरीने.

खडूचा प्रयोग काल संध्याकाळी केला. डावीकडचा पट्टा एक अख्खी स्कूटर मावेल एवढा निघाला. आरसा बाहेर वळवून, आतल्या कडेला कोपर जेमतेम दिसेल आणि क्षितिज काचेच्या मध्याच्या जरा वर येईल असा लावला. पट्टा जवळपास निम्मा झाला. उरलेल्यासाठी डावीकडे एक बार-एंड लावावा असं वाटतंय, मूळ दोन्ही आरसे ठेवून.

टूलकिट, बॉल जॉइंट खरंच सैल होता, उजव्या आरशाचा. तो नवीनच घ्यावा लागेल. दुसऱ्या मॉडेलचा जड दांडीचा आरसा चालेल का? आणि ॲक्सिलरेटर सोडायची युक्ती चालली, काच लगेच स्थिर झाली. तुमचे आभार कसे मानू!

सिग्नलहिरवा:

थोडं वेगळं. काही महागड्या बाइकना आता मागे रडार येतं. डुकाटीच्या मल्टिस्ट्राडा व्ही४ मध्ये बाजूला गाडी आली की आरशातच दिवा लागतो. तुमच्यासारख्यांना आवाजापेक्षा असा दिवाच उपयोगी. सायकलसाठीही रडारवाले मागचे दिवे मिळतात, हँडलवरच्या स्क्रीनवर मागून येणारं वाहन ठिपक्यासारखं दिसतं. पण ते सायकलच्या वेगासाठी बनवलेले असतात, हायवेला त्यांच्या भरवशावर राहू नका. गाडीच्या मागे मात्र ‘ऐकू येत नाही’ असं मोठ्या अक्षरांत रिफ्लेक्टिव्ह स्टिकर जरूर लावा. मागच्याला कळलं की हॉर्नवर विसंबणार नाही.

टूलकिट:

दुसऱ्या मॉडेलचा आरसा चालेल, पण आटे बघून घ्या. बहुतेक ठिकाणी १० मिमीचे असतात, काहींना ८ चे, त्यासाठी ॲडॅप्टर मिळतो. यामाहाच्या उजव्या आरशाला उलटे आटे असतात, म्हणजे तो डावीकडे फिरवला की आवळतो. तुमचा उजवा आरसा पुढच्या ब्रेकच्या ब्रॅकेटवर असेल, तर सुलट्या आट्यांचा आरसा तिथे जोर लावून बसवू नका. आटे गेले की आरशाच्या कितीतरी पट खर्च. हाताने तीन-चार फेरे सहज फिरला तरच पाना लावायचा.

बार-एंड डावीकडे घेताय ते बरं केलंत, उजवीकडे ॲक्सिलरेटरची ग्रिप फिरते, तिथे आरशाचा क्लॅम्प घासला तर ती अडकू शकते. आधी हँडलचं टोक पोकळ आहे का बघा, काहींत आत वजन वेल्ड केलेलं असतं आणि फक्त बोल्टची जागा असते. तसं असेल तर बोल्टने बसणाराच आरसा घ्यावा लागेल. बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, टाकीला, गुडघ्याला किंवा क्लचच्या लिव्हरला लागत नाही ना. आणि पहिल्या दिवशी कामावर पोचल्यावर बोल्ट पुन्हा एकदा आवळा, नवीन क्लॅम्प पहिल्याच फेरीत थोडा सैल पडतो.