रविवारचे खेकडे, बोअरचं पाणी आणि टीडीएस मीटर (सोसायटी ग्रुप)

मीनल (बी-३०४): सगळ्यांना विनंती. रविवारच्या गच्चीवरच्या कार्यक्रमाला नदीतले खेकडे आणि शिंपल्या आणायचं ठरतंय असं कळलं. वरच्या अंगाला कारखान्यांचं सांडपाणी नदीत येतं, हे नवीन नाही. कृपया मुलांना त्यातलं काही देऊ नका. आणि बोअरचं पाणी अजूनही वरच्या टाकीत मिसळतंय. हे मी तिसऱ्यांदा लिहितेय.

अण्णा (ए-१०१): बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) २१०. मीटर माझ्याकडे आहे, कोणीही येऊन बघावं. पाणी उत्तम. 🙏

सुहास (सी-२०२): मीनल, खेकडे कच्चे थोडेच खाणार आहोत? चांगले खळाखळा उकळणार.

मीनल (बी-३०४): सुहासदादा, उकळल्यावर जंतू मरतात. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक ही मूलद्रव्यं आहेत, ती मरत नाहीत. पाणी उकळून १ लिटरचं अर्धा लिटर झालं, तर उरलेल्या पाण्यात त्यांचं प्रमाण दुप्पट होतं.

सुहास (सी-२०२): म्हणजे आता श्वास घ्यायलाही सेक्रेटरींची एनओसी लागणार 😄

सेक्रेटरी: गच्चीसाठी एनओसी लागतेच. सुहास, तुमचा अर्ज अजून आलेला नाही. मागच्या वेळचं गच्चीच्या सफाईचंही बाकी आहे.

सुहास (सी-२०२): ते इथे काढायची गरज नव्हती साहेब.

विनायक (सी-४०३): अण्णा, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, टीडीएस मीटरला शिसं दिसतच नाही. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. जागतिक आरोग्य संघटनेची शिशाची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०१ पीपीएम (लिटरला मिलीग्रॅम). मीटरचा सर्वांत लहान आकडा १ पीपीएम. मर्यादेच्या दहापट शिसं असलं तरी ते ०.१ पीपीएमच, २१० चे २११ सुद्धा होणार नाहीत.

अण्णा (ए-१०१): पण मीटर कंपनीचा आहे, चांगला आहे.

विनायक (सी-४०३): मीटर चांगलाच आहे अण्णा. पण वजनकाट्याने ताप मोजता येत नाही.

सुमनकाकू (ए-२०३): घरोघरी आरओ आहेत ना, मग कशाला एवढा घोळ?

विनायक (सी-४०३): काकू, आरओचा पडदा धड असेल तर शिसं, कॅडमियम, क्रोमियम बहुतांश अडतं. पण बऱ्याच मशीनमध्ये आत एक छोटा स्क्रू असतो, टीडीएस अ‍ॅडजस्टर. पाणी फार सपक लागतं म्हणून टेक्निशियन तो उघडून ठेवतो. मग पडद्याला वळसा घालून आलेलं पाणी पेल्यात मिसळतं, आणि त्या वाटेने धातूही येतात. युव्हीने धातू जात नाहीत, साध्या कार्बन कॅन्डलचा भरवसा नाही. आर्सेनिकचं आणखी वेगळं आहे. बोअरच्या पाण्यात ते बऱ्याचदा आर्सेनाइट रूपात असतं, त्यावर विद्युतभार नसतो, म्हणून पडद्यातून जास्त निसटतं. आधी ऑक्सिडेशन करून त्याचं विद्युतभार असलेलं आर्सेनेट केलं तर नीट अडतं.

अण्णा (ए-१०१): आरओनंतर टीडीएस ४०. फोटो टाकतो.

मीनल (बी-३०४): अण्णा 🙏

रेखाताई (बी-५०१): खेकड्यांबद्दल. कॅडमियम मांसापेक्षा खेकड्याच्या कवचातल्या पिवळट-तपकिरी मऊ भागात साठतं. तो त्याचा यकृतासारखं काम करणारा अवयव आहे. माकूलच्या आतड्यांतही तसंच. सगळ्यांना तोच भाग चविष्ट लागतो, अडचण तिथेच आहे. खेकडा उकळायच्या आधी साफ करून तो भाग काढून टाकायचा, आणि उकळलेलं पाणी रश्श्यात न घेता ओतून द्यायचं. आधी उकळून मग साफ केलं तर तोवर बरंचसं पाण्यात उतरलेलं असतं. पण हे माहीत असलेल्या स्वच्छ पाण्यातल्या खेकड्यांसाठी. या नदीतले नकोच.

सुहास (सी-२०२): आणि शिंपल्या? त्या तर रात्रभर स्वच्छ पाण्यात ठेवतात.

रेखाताई (बी-५०१): त्याने रेती निघते, थोडे जंतू कमी होतात. पेशींत बसलेला धातू एका रात्रीत निघत नाही. शिंपल्या दिवसभर पाणी गाळूनच जगतात. धातू गाळाच्या बारीक कणांना चिकटतात, पुरात तो गाळ पुन्हा ढवळला जातो आणि तोच यांच्या पोटात जातो. नदीचं पाणी नितळ दिसलं म्हणून तळाचा गाळ स्वच्छ असतो असं नाही.

सुहास (सी-२०२): मग मेंटेनन्स शिंपल्यांनाच द्या, सोसायटीचं पाणी फुकट गाळतील.

सेक्रेटरी: मेंटेनन्सचा विषय निघालाच आहे तर सी विंगचे चार फ्लॅट बाकी आहेत. नावं घेत नाही.

सी-३०१: नावं न घेता चार फ्लॅट सांगणं म्हणजे नावं घेणंच. आणि पाण्याच्या टाकीची सफाई कधी झाली हो शेवटची?

सुमनकाकू (ए-२०३): विषयावर या रे. रेखा, मासे बंदच करायचे का? नातीला दिवस गेलेत, तिला मासे लागतात.

रेखाताई (बी-५०१): बंद नकोत काकू. बाळाच्या मेंदूसाठी मासे चांगलेच. मासा कोणता ते बघायचं. मोठ्या शिकारी माशांत मिथाइल पारा (पाऱ्याचं विषारी रूप) साठत जातो: मोरी (शार्क), तलवार मासा, मोठा कुपा. तिने ते टाळावेत. तारली, मांदेली असे छोटे, कमी आयुष्याचे मासे घ्यावेत. हिशोब सांगते. या पाऱ्याची मर्यादा आठवड्याला शरीराच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या बाईला ९६. ज्या माशात किलोला ०.१ मिलीग्रॅम पारा, त्याच्या १५० ग्रॅममधून १५ मायक्रोग्रॅम जातो. किलोला १ मिलीग्रॅम असलेल्या मोठ्या माशाच्या तेवढ्याच तुकड्यातून १५०, म्हणजे एका जेवणात आठवड्याची मर्यादा ओलांडली. १५ किलोच्या मुलाची मर्यादा २४. त्याला त्या माशाचे दोन-तीन घासही जास्त.

सुमनकाकू (ए-२०३): कातडं काढलं तर?

रेखाताई (बी-५०१): नाही काकू. मिथाइल पारा मांसातल्या प्रथिनांना घट्ट चिकटलेला असतो. कातडं, चरबी, मीठ-लिंबू, तळणं, कशानेच जात नाही.

सी-३०१: जपानमधलं मिनामाता वाचलंय का कोणी? १९५६ मध्ये आजार उघड झाला, कारखान्याचं पाऱ्याचं पाणी १९६८ पर्यंत चालूच होतं. माणसांआधी मांजरी झटके येऊन मरत होत्या, कारण त्याही तेच मासे खात होत्या.

रेखाताई (बी-५०१): हो. आणि ज्यांना तपासणी करायची आहे त्यांच्यासाठी. माशांतल्या पाऱ्यासाठी रक्त तपासतात, लघवीत तो नीट दिसत नाही. आर्सेनिकसाठी लघवी, पण आधी निदान ३ दिवस समुद्री काहीही खायचं नाही. माशांतलं बरंचसं आर्सेनिक निरुपद्रवी सेंद्रिय रूपात असतं, पण एकूण आकडा फुगवून उगाच घाबरवतं. शिशाला सुरक्षित पातळीच नाही, आणि मुलं ते मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषतात. लोह-कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. कृपा करून डिटॉक्सच्या पावडरी कोणी फॉरवर्ड करू नका. धातू बाहेर काढायची औषधं फक्त डॉक्टरांच्या देखरेखीत.

अण्णा (ए-१०१): (फोटो) टीडीएस ४०.

विनायक (सी-४०३): सेक्रेटरी साहेब, तीन नमुने देऊ. एक, बी विंगच्या तळमजल्याच्या नळाचं, रात्रभर निदान ६ तास न उघडता, पहाटेचं पहिलंच पाणी. दोन, तोच नळ ५ मिनिटं सोडून. तीन, बोअरच्या पंपापाशी, टाकीत जायच्या आधी. पहिल्यात शिसं जास्त आणि दुसऱ्यात कमी आलं तर दोष पाइप, पितळी नळ, जुन्या सांध्यांचा. दोन्हींत जास्त आलं तर टाकी किंवा बोअरचा, ते तिसऱ्यावरून कळेल. बाटल्या लॅबच्याच घ्यायच्या. आत नायट्रिक आम्लाचे थेंब असतात, म्हणून बाटली विसळायची नाही, ओसंडू द्यायची नाही, हातमोजे घालायचे. नळाची जाळी काढायची नाही.

सेक्रेटरी: चाचणी कोणती लिहू?

विनायक (सी-४०३): आयसीपी-एमएस, म्हणजे धातूंचं अगदी बारीक प्रमाण मोजणारी चाचणी. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम, पारा. आणि लॅबला आधीच विचारा, शिसं किती खालपर्यंत मोजता? लिटरला १ मायक्रोग्रॅमपर्यंत हवं. त्यांचं यंत्र ५० च्या खाली मोजतच नसेल, तर ‘आढळले नाही’ या शेऱ्याला अर्थ नाही.

सेक्रेटरी: ठीक. बुधवारी पहाटे ५:३०. मंगळवारी रात्री ११ नंतर बी विंगचा तळमजल्याचा नळ कोणी उघडू नये. वॉचमनला सांगतो. निकाल येईपर्यंत बोअरचा व्हॉल्व्ह बंद.

सी-३०१: आणि टाकीची सफाई?

सेक्रेटरी: नमुने घेतल्यावर. आधी केली तर खरं काय ते कळणार नाही.

सुहास (सी-२०२): खेकडे रद्द. रविवारी गच्ची तरी मिळेल का?

सेक्रेटरी: अर्ज द्या.

अण्णा (ए-१०१): विनायक, बाटल्या मी धरतो. ५:३० ला जागाच असतो. हातमोजे कोणते आणायचे?

विनायक (सी-४०३): नायट्राइलचे, अण्णा. पावडर नसलेले.