पस्तीस टक्के जादा, पण कुठल्या कार्पेटवर?

जुनी बिल्डिंग पाडून नवी बांधायची, म्हणजे रिडेव्हलपमेंट करायची, तर ज्याची जादा एरियाची ऑफर मोठी तो बिल्डर घ्यावा असं म्हणतात, पण इतकं सरळ नसतं हो ते. टक्के बघण्याआधी कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ, कसं मोजलंय ते विचारा. रेराच्या (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या) व्याख्येत घरातल्या आतल्या भिंतींची जाडी कार्पेटमध्ये धरतात, बाल्कनी धरत नाहीत. आणि आपल्या जुन्या बिल्डिंगचं माप बहुतेक वेळा भिंती सोडून, नुसत्या फरशीचं घेतलेलं असतं. म्हणजे जुनं एका फुटपट्टीने आणि नवं दुसऱ्या.

मुलुंडला आमच्या आत्याकडे हेच झालं. जुनं ४२० फूट, वर ३५ टक्के म्हणजे ५६७, सगळे खूश. मग एका रविवारी भाऊ आणि मी नकाशा घेऊन बसलो, टेपने जुन्या खोल्या मोजल्या, तर नव्यातले वीसेक फूट आतल्या भिंतींतच गेलेले, शिवाय आत्याची कपडे वाळत घालायची ग्रिलवाली बाल्कनी जुन्या मापात नव्हतीच, तिचा मोबदला शून्य. मीटिंगमध्ये विचारल्यावर बिल्डरचा माणूस म्हणाला "काका, स्टँडर्ड आहे". असेल, पण मग दोन्ही मापं एकाच पद्धतीने काढून करारात खोलीनिहाय लिहून घ्या, नकाशा जोडून, आणि हे सगळं रजिस्ट्रेशनच्या आधी.