माळकरी नवरा, मारहाण आणि समुपदेशन: देवाधर्माचं बोलावं का?

चंद्रभागा_काठ:
कुटुंब समुपदेशन केंद्रात काम करतो. एक गृहस्थ येतात, पंचेचाळिशीचे. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी चुकत नाही, दारूला स्पर्श नाही. बायकोचं मनगट मोडलंय. मला म्हणाले, "साहेब, मी निर्व्यसनी माणूस. बाईला धाकात ठेवायची आमच्यात रीतच आहे, तुम्हाला तर माहीतच आहे." आडनावावरून त्यांनी माझी जात ओळखली होती. मी गप्प बसलो. ते गप्प बसणं मला छळतंय. त्यांच्या श्रद्धेचा विषय काढू, की कायद्यापुरतंच बोलू?

जुनी_कार्यकर्ती:
दादा, आधी ताईंशी वेगळं बोला, नवऱ्यासमोर नको. "तिथं काय सांगितलंस" म्हणून घरी पुन्हा मार पडतो.

कोर्टाकडून आलेलं प्रकरण असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या 2006 च्या नियमांतला नियम 14 वाचा. मारहाणीचं समर्थन समुपदेशनात चालत नाही, आणि हे नवऱ्याला सुरुवातीलाच सांगायचं असतं. "रीत आहे" हे समर्थनच झालं.

श्रद्धेचं जरूर बोला, पण कीर्तन करू नका, विचारा. मी एका माळकऱ्याला विचारलं होतं, "वारीत अनोळखी बाई भेटली तर?" म्हणाला, "माऊली म्हणतो, पाया पडतो." "आणि घरातली?" तो माळेचा मणी चाचपत बसला, उत्तर दिलं नाही. पुढच्या खेपेला मात्र "हात उठला" सोडून पहिल्यांदा "मी मारलं" म्हणाला. मला त्यासाठी चार महिने लागले.

देहूची_लेक:
संत बहिणाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय. नवरा ब्राह्मण, तुकोबा कुणबी. त्यांना गुरू मानलं म्हणून तिनं मार खाल्ला. सतराव्या शतकातली गोष्ट. तेव्हा मारणं ही एका जातीची रीत नाही, हे त्या गृहस्थांना सांगा. पुढे तो नवरा बदलला, तेवढं मात्र त्या ताईंना सांगू नका. माझ्या आईला सगळे तेच सांगायचे, आणि ती वाट बघत राहिली.

चंद्रभागा_काठ:
ताई, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या सध्या माहेरी आहेत, उद्या फोन करतो. मंगळवारी ते येतील. "तुम्हाला तर माहीतच आहे" म्हणाले, तर म्हणेन, "नाही, मला माहीत नाही. त्या रात्री तुम्ही काय केलंत ते सांगा."