पोलीस भरतीचा सराव पुळणीवर कशाला?

वाडीकर: आमच्याकडे पहाटे पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, पोरांची झुंबड असते. १६०० मीटर पळायचंय मैदानावर आणि सराव चाललाय घोटाभर रुतणाऱ्या वाळूत! ‘वाळूत पळालं की मैदान सोपं जातं’ हे कोणीतरी डोक्यात भरवलंय. शरीर जे रोज करतं त्यालाच सरावतं. वाळूत पावलाचा जोर जिरतो, ढांग आखूड पडते. मग ऐनवेळी वेग कुठून येणार?

रापणवाला: त्याच वेगाने पळायला मऊ वाळूत सुमारे १.६ पट ऊर्जा लागते. बेल्जियमच्या संशोधकांनी १९९८ मध्येच मोजलंय. दम वाढवायला याहून फुकटचं साधन दाखवा. पायाखाली डांबर आहे की वाळू, हे काळजाला थोडंच कळतं? आमचे आजे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं जाळं, ओढून सत्तरीतही खणखणीत होते.

वाडीकर: होते ना, रापण ओढायला! १६०० मीटर पळवून बघितलंत का त्यांना? दम वाढतो, कबूल. पण वेगात पाय उचलायची सवय वेगात पळूनच लागते. आठवड्यातून एखादा दिवस वाळू ठीक, बाकी मैदानच.

पीटी_मास्तर: जमिनीवरून कसले भांडताय? पोरं मोडतात ती घाईने. जाहिरात आली की थेट दहा फेऱ्या. दम काही आठवड्यांत वाढतो, पण कंडरा आणि हाडं बळकट व्हायला महिने लागतात. म्हणून दम शिल्लक असतानाच नडगी धरते. त्यात रोज जीव खाऊन पळायचं. अहो, ताणानंतरच्या झोपेत आणि विश्रांतीत शरीर सावरतं, तेव्हा ताकद येते. आणि मैदानी चाचणीच्या ५० पैकी ३० गुण १०० मीटर नि गोळाफेकीला आहेत, त्याचा सराव कोण करतंय?

रापणवाला: मास्तर, गोळ्याचं पटलं. पुळण मात्र सोडणार नाही. ओहोटीला ओली वाळू चांगली टणक असते.

वाडीकर: टणक, पण समुद्राकडे उतरती. एक पाय कायम खाली, मग गुडघा बोलायला लागतो.

रापणवाला: येताना उलट दिशेने पळत या, दुसरा पाय खाली. फिटंफाट!

आठशेवाली: मी मुलींच्या ८०० मीटरची तयारी करतेय. मैदान मैदान म्हणताय, पण मिरगानंतर आमच्या मैदानात गुडघाभर चिखल आणि रस्त्याला डंपर. पुळण उरते, तर तीही पावसाळ्यात लाटा खातात. तेव्हा कुठे पळू ते सांगा आधी.